वाळवीची सासू

ओके-इरोसुन गावात आवेरोला तिच्या पाठीमागे सगळे वाळवीची सासू म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या फाग्बेमीची. तो भविष्य सांगणाऱ्या इफा देवाचा जाणता, म्हणजे बाबालावो. गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं, प्रवास आणि आजारपणं त्याच्या लाकडी तबकावर ठरलेली. त्या तबकावर पसरायला जी पिवळी पूड लागते, ती चाळीस वर्षं आवेरोने आणून दिली होती.

"काय सासूबाई, सुना लागल्या का कामाला?" असं तो दारातूनच ओरडायचा.

"माझ्या सुना तुमच्या बायकांसारख्या नाहीत हो बाबा," ती गुडघा टेकून नमस्कार करता करता म्हणायची. "त्या तोंड फक्त खायला उघडतात."

ही पूड करणं माणसाच्या हातातलं काम नव्हे. इरोसुनचं झाड आपलं आपण पडायला लागतं. पडलेल्या खोडात वाळवी शिरते, दोन-तीन वर्षं आतल्या आत खात राहते, आणि खाऊन मागे ठेवते ती पूड. करवतीचा भुसा कुणी आणून दिला तर फाग्बेमी तो हुंगूनच फेकून द्यायचा. इफाचा शब्द ज्यात उमटायचा ती वस्तू माणसाने केलेली नको, असा तिथला नेम. फाग्बेमी पूड तबकावर सारखी करायचा, तेलताडाच्या सोळा बिया एका मुठीतून दुसऱ्या मुठीत झडप घालून उचलायचा. हातात एक मागे राहिली तर पुडीत बोटाने दोन रेघा, दोन राहिल्या तर एक. त्या रेघांवर गाव चालायचं. आणि सगळं सांगून झालं की त्याच पुडीतली चिमूट ताडतेलात कालवून माणसाच्या जिभेवर टेकवायची, म्हणजे सांगितलेलं अंगात उतरतं.

आवेरोचं काम ऐकण्याचं. रानात जाऊन खोडाला कान लावायचा. आत बारीक कुरकुर चाललेली असेल तर उठून मुकाट घरी यायचं. कुरकुर थांबली, की वाळवी पोट भरून दुसरीकडे गेली आणि पूड पिकली असं समजायचं. हे तिला सासूने शिकवलं. ती बाई तापट होती. आवेरोने एकदा उतावीळपणे वाळवी आत असतानाच खोड फोडलं, तर सासूने तिला तीन दिवस जेवणाच्या पानावर घेतलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तिने शिकवली होती. खोडाची जागा कुणाला सांगायची नाही, नवऱ्याला नाही, पोटच्या पोरालाही नाही. जो हे काम हातात घेईल त्यालाच काय ते दाखवायचं. सासूने आवेरोला आपली खोडं दाखवली ती पार मरायला टेकल्यावर, पाठुंगळी बसून रानात जाऊन.

आवेरोचा एकुलता एक मुलगा अकान्मू. त्याने हे काम घेतलं नाही. सहा इयत्ता शिकलेला माणूस खोडांना कान लावत कशाला हिंडेल? तो पाठीवर पंप बांधून लोकांच्या कोकोच्या बागांत औषध मारायचा. कोकोच्या शेंगा शोषणारा किडा त्या औषधाने पटापट गळून पडायचा, आणि बागवाले अकान्मूला हौसेने बोलवायचे. "आई, तू किडे पाळतेस आणि मी मारतो," तो म्हणायचा. "एकाच चुलीवर दोघांचंही शिजतं की नाही?" ती हसायची. मुलाचा तिला राग येत नसे, कधीच आला नाही. नवरा गेल्यानंतर या एका पोराच्या तोंडाकडे बघून ती जगली होती, आणि हे ती कुणालाही सांगायची, ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत.

अकान्मूची बायको इबिदुन. सहा वर्षं तिची कूस उजवली नव्हती. सासूसुनेचं भांडण नव्हतं, पण एकमेकींकडे बघताना दोघींची नजर चुकायची. सातव्या वर्षी दिवस राहिले तेव्हा आवेरोने मनाशी एक खोड ठरवलं. ओढ्यापलीकडे एका जुन्या बागेच्या कडेला पडलेलं, जाड, लालभडक गाभ्याचं. त्यातली पूड फक्त नातवासाठी. ती दर आठवड्याला जाऊन कान लावायची. आत अजून जोरात काम चाललेलं असायचं. हे काही बाळंतपणापर्यंत पिकत नाही, असं वाटून ती हिरमुसून परतायची.

इबिदुनला कळा लागायच्या आठ दिवस आधी आवेरो गेली, कान लावला, आणि खोड गप्प होतं.

तिने दुसरा कान लावला. पालथी पडून बुंध्याशी ऐकलं, शेंड्याशी ऐकलं. काही नाही. बाईला इतका आनंद झाला की ती तिथेच टाळ्या वाजवून नाचली. साठ वर्षांची बाई, रानात एकटी! वाळवीने नातवासाठी घाई केली, असं तिला वाटलं. खरं तर चाळीस वर्षांत एकही खोड असं एका आठवड्यात गप्प झालेलं तिने पाहिलं नव्हतं. पण माणसाला हवं तेच झालं की तो कारण विचारत बसत नाही.

तिने खोड फोडलं. पूड भरपूर होती, पण जरा ओलसर, आणि तिला काहीतरी उग्र वास आल्यासारखा वाटला. तिने ती दोन दिवस उन्हात वाळवली, वास गेला. चाळताना चाळणीत मेलेली वाळवी बरीच आली. एरवी चार-दोन सापडायच्या. या वेळी मूठ भरली. आवेरोने त्या एकेक वेचून काढल्या आणि म्हणाली, "दमलात गं बायांनो. झोपा आता." मग बाळाची पूड तिने पोकळ केलेल्या नव्या भोपळ्यात भरून त्याचं तोंड पांढऱ्या फडक्याने बांधलं.

मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी फाग्बेमी आला. बाळाचं पहिलं पाऊल पृथ्वीवर टेकायच्या आधी ते इफासमोर टेकवायचं असतं. अंगणात चटई अंथरली. फाग्बेमीने आवेरोची नवी पूड तबकावर ओतली, तळहाताने सारखी केली आणि म्हणाला, "सुनांनी यंदा कमाल केलीय. काय रंग आहे!" त्याने बाळाचे तळवे पुडीत दाबले. दोन इवली पावलं उमटली. बायकांनी आरोळी ठोकली. अकान्मू जमिनीवर आडवा पडून सगळ्यांना नमस्कार करत सुटला.

मग बियांची झडप सुरू झाली, आणि रेघा पडत गेल्या तसा फाग्बेमीचा चेहरा बदलत गेला. शेवटी त्याने रेघांतून उमटलेल्या खुणेचं गाणं म्हटलं. गाणं एका राजाच्या घरी आलेल्या पाहुण्याचं होतं. पाहुणा दिवसेंदिवस वाळत जातो, आणि राजा वेशीवर पहारे बसवतो. पण चोर वेशीबाहेर नसतोच.

"नीट सांगा ना बाबा," अकान्मू म्हणाला. "चांगलं की वाईट?"

"पोर राहायला आलंय," फाग्बेमी म्हणाला. "पण त्याला भरवणाऱ्या हाताकडे लक्ष ठेवा, असं म्हणतोय इफा. एक पांढरी कोंबडी द्या. आणि ही पूड बांधून ठेवा. नवव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत रोज सकाळी चिमूटभर पोराच्या जिभेला, चिमूटभर आईच्या पेजेत."

भरवणारा हात. इबिदुनने वर पाहिलं ते सासूकडे. क्षणभरच. पण आवेरोने ते पाहिलं, आणि अंगणातल्या चार बायकांनीही पाहिलं. विधवा, म्हातारी, रानात एकटी हिंडणारी आणि कुठे जाते ते न सांगणारी बाई! अशा बाईला लोक काय म्हणतात ते त्या गावात कुणाला शिकवायला नको होतं.

चौथ्या दिवशी बाळाने दूध टाकलं. पाचव्या दिवशी इबिदुनचं डोकं गरगरायला लागलं, तिलाही उलट्या झाल्या. बाळंतवातच असेल, असं सुईण म्हणाली. सहाव्या दिवशी बाळ झोपेत दचकायला लागलं. दचकायचं म्हणजे कसं, तर हातपाय ताठ व्हायचे आणि बोटं थरथरायची, जसं काही कुणी त्याच्या कानात ओरडतंय.

आवेरो अंघोळ घालायला म्हणून बाळाला घ्यायला गेली, तर इबिदुनने त्याला छातीशी घट्ट धरलं.

"राहू दे आई. मी घालीन."

"अगं, तुला उभं राहवत नाही."

"म्हणून काय झालं? माझं पोर आहे."

"माझं कुणी नाही का ते?"

इबिदुन भिंतीकडे तोंड करून बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला सहा वर्षं मूल होत नव्हतं तेव्हाही तुम्ही असंच गोड बोलायचात."

आवेरोला ते वर्मी लागलं. ती बाहेर आली आणि ओट्यावर बसून रडली. रडताना तिला आतलं ऐकू येत होतं. सुनेने भोपळ्याचं फडकं सोडलं होतं. या घरात आपल्या पोराच्या बाजूने फक्त इफा आहे, असं त्या पोरीने मनाशी धरलं होतं, म्हणून ती आता सकाळची चिमूट सकाळी आणि आणखी एक संध्याकाळी देत होती. स्वतःच्या हाताने, प्रार्थना पुटपुटत. आवेरोलाही ते ऐकून बरंच वाटलं. निदान पूड तरी माझ्या हातची जातेय पोटात, असं ती मनात म्हणाली.

सातव्या दिवशी ती रानात गेली. बारशाला फाग्बेमीला पूड लागणार होती आणि घरात तिला कुणी उभं करत नव्हतं. खोडाचा उरलेला अर्धा भाग अजून फोडायचा होता.

बागेचा मालक आलाबा तिथे शेंगा तोडत होता. बडबड्या म्हातारा, दोन्ही गुडघे गेलेले. तिला बघून त्याला गप्पांना माणूस मिळालं.

"ये ये, अकान्मूची आई! नातू झाला म्हणे. पोरगा गुणी आहे हो तुझा. यंदा माझ्या बागेत एक किडा शिल्लक ठेवला नाही त्याने. हे बघ, मुंगीसुद्धा दिसणार नाही."

आवेरोने खाली पाहिलं. खरंच मुंगी दिसत नव्हती.

"कधी आला होता तो?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. चार दिवस होता. तो ओंडका आहे ना तिकडे, तोच त्याचा ओटा. त्याच्यावर डबा ठेवायचा, औषध कालवायचा, पंप भरायचा. सांडायचं पुष्कळ, मी ओरडायचो, बाबा रे, पैशाचं औषध आहे. पण त्या ओंडक्यावर बूड टेकायला बरं पडतं, असं म्हणायचा."

आवेरो ओंडक्यापाशी गेली. सालीवर डब्याच्या बुडाएवढे काळे गोल डाग होते. एक नाही, सात-आठ, एकात एक गुंतलेले. पूड काढायला आली होती तेव्हा ती खाली वाकून आतलं बघत होती, वरचं तिने पाहिलंच नव्हतं. तिने बोटाने एक डाग खरवडला आणि हुंगला. तोच उग्र वास. ती वाळवी दमून झोपली नव्हती. मेली होती, जागच्या जागी, तोंडात लाकूड धरून. आणि तिने ते चाळून, वाळवून, नव्या भोपळ्यात भरून नातवाच्या जिभेपर्यंत नेलं होतं.

आलाबा मागून काहीतरी बोलत होता. तिने ते ऐकलं नाही. ती पळत सुटली. या वयात, डोक्याचं फडकं वाटेत कुठे पडलं त्याचं भान नाही.

घरी अंगण भरलेलं होतं. बाळाचं दचकणं वाढलं म्हणून फाग्बेमीला पुन्हा बोलावलं होतं. चटई अंथरलेली होती, तबकावर तीच पूड, आणि फाग्बेमीने तेलात बोट बुडवलं होतं. बाळ इबिदुनच्या मांडीवर निळ्या ओठांनी पडलं होतं.

"थांबा! ती पूड देऊ नका!"

सगळे वळले. आवेरो धापा टाकत उभी होती, केस सुटलेले, पायाला चिखल. त्या क्षणी ती अगदी तशीच दिसत होती, जशी ती आहे अशी लोकांना शंका होती.

"काय झालं?" फाग्बेमीने विचारलं.

"त्या पुडीत विष आहे. मी आणलेल्या पुडीत."

इबिदुन किंचाळली. "कबूल केलं! ऐकलंत ना सगळ्यांनी? तिच्या तोंडानेच कबूल केलं!"

"गप्प बस," फाग्बेमी म्हणाला. "अकान्मूची आई, इकडे ये. बस. चाळीस वर्षं तुझी पूड माझ्या तबकावर आहे. हजार माणसांनी खाल्ली असेल. पूड कुणाला मारत नाही."

"वाळवीने केलेली मारत नाही बाबा. ही मेलेल्या वाळवीची आहे. खोड आपसूक गप्प झालं नव्हतं, त्याला गप्प केलं होतं. मला कळायला हवं होतं. मला आनंद झाला आणि मी बघितलंच नाही."

"गप्प केलं? कुणी?" हा अकान्मू. तो पुढे आला होता. "आई, कसलं विष? नीट सांग."

तिने मुलाकडे पाहिलं. औषधाचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. ते उच्चारलं असतं तर पुढचं सगळं त्याने स्वतःच जोडलं असतं. त्याच्या डोळ्यांत पोराची काळजी होती, दुसरं काही नव्हतं, आणि तिच्याने ते बोलवलं नाही.

"कुणीतरी काही सांडलं त्याच्यावर," ती म्हणाली. "काय ते मला काय माहीत."

"कुठलं खोड?"

"नदीकडच्या रानातलं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने खोडाची जागा सांगितली, आणि तीही खोटी.

इबिदुन उठून उभी राहिली. बाळंतीण, पाय लटपटत होते, पण आवाज खणखणीत. "मला कळतंय सगळं. ही पूडच माझ्या पोराला धरून आहे. ती बंद केली की हिचा हात मोकळा. म्हणून पळत आली. द्या बाबा, तुम्ही द्या."

आणि खोटं कशाला बोलायचं, अंगणातल्या प्रत्येकाला ते पटलं. फाग्बेमीचंही बोट अर्ध्यावर थांबलं होतं, आणि तो बाळाकडे बघत होता, आवेरोकडे नाही.

आवेरोने भोपळा उचलला. फडकं सोडलं, मूठ भरली, तोंडात कोंबली. कोरडी पूड घशात अडकली, तिला ठसका लागला, तिने पेजेचं भांडं ओढून वर पेज ओतली आणि दुसरी मूठ भरली. अकान्मू धावला तोवर तीही गिळून झाली होती.

"आता थांबा," ती म्हणाली. "मला काही झालं नाही, तर द्या त्याला. मी काही बोलणार नाही. पण तोवर थांबा."

सकाळ सरत आली होती. आवेरो ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली, सगळ्यांना दिसेल अशी. कुणी घरी गेलं नाही. फाग्बेमीने बिया पिशवीत भरल्या आणि तिच्याशेजारी येऊन बसला. सावली भिंतीपाशी आली. बायका कुजबुजायच्या आणि थांबायच्या. काहीच होत नव्हतं. इबिदुन तिच्यावरची नजर काढत नव्हती, आणि आवेरो मनात एकच मागत होती. लवकर होऊ दे, पोराला वेळ नाही. स्वतःच्या अंगात विष चढावं म्हणून देवाला आळवणारी बाई त्या गावाने त्याआधी पाहिली नव्हती.

आधी ओठांना मुंग्या आल्या. मग पोटात ढवळलं आणि ती ओट्याखाली भडाभडा ओकली. कुणीतरी म्हणालं, मुठी भरून लाकूड खाल्लं तर ओकणारच. ती तोंड पुसून पुन्हा सरळ बसली. आणि मग तिची बोटं थरथरायला लागली. तिने दोन्ही हात समोर धरले, जशा बायका बांगड्या दाखवतात तसे.

"इबिदुन," ती म्हणाली. "बघ. तसंच आहे का? तू त्याच्याजवळ असतेस. सांग, तसंच ना?"

इबिदुनने सासूच्या बोटांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या बाळाच्या बोटांकडे. तीच थरथर, तोच ताठरपणा, आधी करंगळी आणि मग बाकीची. तिने बाळ उचललं आणि सडकेकडे धावत सुटली. अकान्मू तिच्यामागे. वाटेत कोकोची पोती नेणारा ट्रक मिळाला, त्याने त्यांना मिशनच्या हॉस्पिटलपर्यंत नेलं.

आवेरोला पुढचं आठवत नाही. तिच्या दातांत चमचा धरून मी बसलो होतो, असं फाग्बेमी सांगायचा. दोन दिवस ती जगते की मरते ते कळत नव्हतं. ती जगली. पण हाताची थरथर पुरती गेली नाही. चाळणी धरली की पूड सांडायची. तिने रानात जाणं सोडलं.

बाळ अकराव्या दिवशी परत आलं. नाव उशिराच ठेवलं, फादायरो. इबिदुनने आत पाऊल टाकल्याबरोबर सासूसमोर दोन्ही गुडघे टेकले आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. गावात अर्धे म्हणत, बाईने जीव पणाला लावला. अर्धे म्हणत, चेटकिणीला स्वतःचंच जेवण पचलं नाही. तिने दोन्ही ऐकलं आणि मान हलवली. तिच्या दृष्टीने सौदा महाग नव्हता. नातू जिवंत होता आणि मुलाला काही माहीत नव्हतं.

पण अकान्मूच्या मनातून ते गेलं नव्हतं. तो सुट्टीच्या दिवशी कोयता घेऊन नदीकडच्या रानात जायचा आणि रिकामा परत यायचा.

"तू जागा नीट सांग आई. जाळून टाकतो ते खोड. आणि ज्याने सांडलं तो सापडू दे मला. त्याचे हात नाही तोडले तर नाव नाही सांगणार बापाचं."

"जाऊ दे रे. झालं ते झालं."

"जाऊ दे कसं? माझं पोर होतं ते!"

तो असं म्हणाला की ती उठून आत जायची.

पावसाळा संपला, औषध मारायचे दिवस पुन्हा आले. अकान्मूला या वेळी गावालगतच्या टेकडीच्या या अंगाच्या सगळ्या बागा मिळाल्या. मुलासाठी कमवायचं म्हणून तो दुप्पट राबायचा. दिवस मावळताना घरी यायचा, सदरा औषधाने भिजलेला, आणि पहिल्यांदा फादायरोला उचलून घ्यायचा. पोर आता रांगायला लागलेलं, दात येत होते. बापाच्या गळ्याला मिठी मारायचं आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर तोंडात घालून चोखत बसायचं. अकान्मूला त्याचं भारी कौतुक. "बघ, बापालाच खातोय!"

एका दुपारी फादायरो आवेरोच्या शेजारी झोपला होता. ती पानं निवडत बसली होती. तिला वाटलं आपलाच हात थरथरला. मग तिने पाहिलं. तिचा हात पानांवर स्थिर होता. पोराची करंगळी हलत होती.

ती संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळून उठली नाही. इबिदुन कांडलेल्या कोनफळाचं जेवण पुढे ठेवून गेली, ते तसंच गार झालं. अकान्मू आला. दारातच पंप उतरवला, हात सदऱ्याला पुसले आणि वाकून पोराला उचललं. पोराने हसून कॉलर धरली.

"त्याला खाली ठेव," आवेरो म्हणाली.

"काय गं?"

"आधी खाली ठेव. मग सांगते."

तिचा आवाज ऐकून त्याने पोराला चटईवर ठेवलं. इबिदुन स्वयंपाकाच्या जागेतून बाहेर येऊन उभी राहिली.

"खोड नदीकडे नव्हतं," आवेरो म्हणाली. तिने हात मांडीखाली दाबून धरले. "ओढ्यापलीकडे होतं. आलाबाच्या बागेच्या कडेला. जाड, लाल. एका अंगाने सपाट."

अकान्मूने आपल्या सदऱ्याकडे पाहिलं, मग चटईवरच्या पोराकडे, आणि दोन पावलं मागे सरकला, पार दाराच्या बाहेर.

"त्याच्यावर बसून मी जेवायचो, आई," तो म्हणाला.